सशाचे मागचे पाय लुळे पडल्यास

आमच्या घरी पाच वर्षांचा एक पांढरा ससा आहे. एका पावसाळ्यात सकाळी पिंजऱ्याचे दार उघडले, तर तो नेहमीप्रमाणे उडी मारून बाहेर आला नाही. पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत, मागचा भाग फरफटत तो गवतापर्यंत आला. आदल्या संध्याकाळी आमच्या धाकट्या मुलाने त्याला अंगणात खेळविले होते. तेव्हा त्याच्याच हातून ससा पडला असणार असे धरून आम्ही मुलाला बोल लावला. "मी पाडला नाही," असे तो रडून सांगत होता; आम्ही ते मानले नाही. पुढे काय निघाले ते ओघाने येईलच. आधी सशाच्या हाडांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

हाडे हलकी, स्नायू जबर

सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या अवघा 7 ते 8 टक्के असतो. मांजराचा 12 ते 13 टक्के भरतो. उलट सशाच्या मागच्या पायांचे स्नायू फार जोरकस. त्यामुळे उचलताना मागचे पाय अधांतरी राहिले आणि त्याने जोराने लाथ झाडली, तर स्वतःच्याच झटक्याने त्याच्या कंबरेचा मणका मोडतो. बहुधा कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी ही मोड होते. कुत्रा अंगावर आला किंवा दिवाळी-नाताळात जवळ फटाके वाजले, तर ससा पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यातही अशी इजा करून घेतो.

म्हणून ससा कानाला धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून तो आपल्या अंगाशी धरावा. मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावे.

कारणे अनेक

पाय लुळे पडले म्हणजे मारच लागला असे नव्हे. मुख्य कारणे अशी आहेत :

1) मणक्याला किंवा पायाला इजा. पाय एकाएकी जातात.

2) सूक्ष्म परजीवीचा रोग. याचे नाव एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. रोगी सशाच्या मुतातून तो चाऱ्या-पाण्यात उतरतो. आईकडून पोटातल्या पिल्लालाही होतो. पुष्कळ सशांच्या अंगात तो काही त्रास न देता राहतो. मेंदूवर किंवा मूत्रपिंडावर घाला घातला, म्हणजे मागचे पाय लटपटतात, मान एका बाजूला कलते, मूत आपोआप गळते, कधी डोळ्यात मोतीबिंदूसारखा पांढरा डाग दिसतो.

3) म्हातारपण. सांधे व मणके आखडतात. ससा हळूहळू उड्या मारणे सोडतो.

4) चुकीचा आहार. नुसता कोंडा, धान्य आणि भाकरीचे तुकडे यांत कॅल्शियम कमी व फॉस्फरस जास्त. त्यात पिंजरा अंधाऱ्या खोलीत असला, तर ऊन न मिळाल्याने वाढत्या पिल्लांना मुडदुसासारखा रोग होतो.

5) वाईट जमीन. गुळगुळीत फरशीवर वाढलेल्या पिल्लांचे पाय बाजूला फाकतात. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. तारेच्या जाळीवर सतत बसल्याने तेथे जखमा होतात व तो पाय टेकीत नाही.

दवाखान्यात काय निघाले

आम्ही ससा खोक्यात जुन्या चादरीवर ठेवून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पाठ हलकेच चाचपली, एक्स-रे काढला. मणका शाबूत होता. मग त्यांनी विचारले, "याचे ढुंगण कधीपासून ओले राहते?" तेव्हा आठवले की दोन आठवडे पिंजऱ्याला वास येत होता, आम्ही तो पावसावर ढकलला होता. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपकाही होता. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाचे निदान करून फेनबेंडाझोल हे औषध 28 दिवस दिले व वेदनेसाठी वेगळे औषध दिले. औषधाचे माप सशाच्या वजनावर ठरते. ते डॉक्टरांकडूनच घ्यावे.

घरची शुश्रूषा

औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. वाळल्या गवतावर जाड कापड अंथरावे व ओले होताच बदलावे. ढुंगण कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. पावसाळ्यात ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. तसे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चारा व पाणी तोंडाशी असावे. पाण्याला उथळ, जड भांडे बरे. ससा आपल्या मऊ लेंड्या ढुंगणाशी तोंड नेऊन खातो व त्यातून त्याला पोषण मिळते. कंबर वळत नसल्यास त्या उचलून त्याच्यापुढे ठेवाव्यात. अर्धा दिवस खाणे किंवा लेंड्या बंद राहिल्या तर थांबू नये. सशाचे आतडे थांबणे जिवावर बेतते. मूत अडले असता स्वतः पोट दाबू नये; डॉक्टर रीत दाखवितात.

मणका दुखावलेल्या सशाला काही आठवडे लहान जागेत निवांत ठेवावे. हाडवैद्याकडून तेल लावून पाय ओढून घेऊ नयेत. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यास सशाचे आतडे बिघडून तो मरू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलचे थेंबही त्याला विष आहेत.

चारा वाळले व हिरवे गवत हाच मुख्य असावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना व दूध पाजणाऱ्या सशिणीला चांगला. मोठ्या सशाला रोज नको. जादा कॅल्शियम सशाच्या मुतातून बाहेर पडते व मूत्राशयात गाळ धरतो. म्हणून हाडे बळकट व्हावीत म्हणून चुना किंवा गोळ्या मनाने देऊ नयेत. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, सावलीची सोय ठेवून.

पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत व भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत. हा परजीवी क्वचित माणसालाही बाधतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, अशांनी ते काम करू नये.

आशा आणि मर्यादा

आमचा ससा तिसऱ्या आठवड्यात उभा राहिला. उजवा पाय आजही थोडा ओढतो, पण कोथिंबिरीची जुडी दिसली की पुढे येतो. सर्वच ससे बरे होत नाहीत. मणक्यातील मज्जातंतू तुटला असेल तर तो जुळत नाही. खाणे सुटले, जखमा भरेनात, ससा कोपऱ्यात पाठ काढून दात करकरू लागला, तर त्याला तसाच कुजत ठेवणे ही माया नव्हे. शांत मरण देण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

दवाखान्यातून आल्यावर आम्ही मुलाला जवळ बसवून आमची चूक कबूल केली. औषध पाजण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले आणि 28 दिवसांत एकही दिवस चुकविला नाही. आपल्या घरी ससा असेल तर आजच त्याला जमिनीवर चालवून पाहा, ढुंगण कोरडे आहे का ते पाहा. आम्ही दोन आठवडे आधी पाहिले असते, तर ससाही लवकर बरा झाला असता आणि पोरालाही उगाच रडावे लागले नसते.