रेसिडेन्सीला बोलावलंय, पण पैसे कोण देणार?

धुळे, जळगाव, नंदुरबार, आणि कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली खान्देशी गँग, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

आजचा विषय आहे परदेशातली आर्टिस्ट रेसिडेन्सी. म्हणजे काय, तर एखादी संस्था कलाकाराला काही आठवडे किंवा काही महिने राहायला जागा देते, काम करायला स्टुडिओ देते, आणि म्हणते, इथे बसून तुमचं काम करा. परीक्षा नाही, डिग्री नाही. चित्रकार, शिल्पकार, फोटोग्राफर, लेखक, नाटकवाले, सगळ्यांसाठी अशा जागा असतात.

आता मुद्द्यावर येऊ. अर्ज करताना बहुतेक जण आधी देश बघतात. पॅरिस आहे का, बर्लिन आहे का? माझं म्हणणं आहे, आधी पैशाची ओळ शोधा. कारण निवड होणं आणि जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार, सगळा किंवा बराचसा खर्च देणाऱ्या रेसिडेन्सी. जर्मनीत श्टुटगार्टला अकाडेमी श्लॉस सॉलिट्यूड आहे, तिथे राहण्याची सोय आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. स्वित्झर्लंडच्या प्रो हेल्व्हेशिया या कला परिषदेचं दिल्लीत ऑफिस आहे. त्यांच्या रेसिडेन्सीत साधारण तीन महिन्यांचा मुक्काम, प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता येतो.

दुसरा प्रकार, अर्धा खर्च. जागा आणि स्टुडिओ ते देणार, विमानाचं तिकीट आणि जेवण तुमचं.

तिसरा प्रकार, तुमच्याकडूनच पैसे घेणाऱ्या. छान ईमेल येतो, ‘अभिनंदन, तुमची निवड झाली’, आणि खाली आठवड्याचं भाडं लिहिलेलं असतं. यातल्या सगळ्याच फसव्या नसतात. काही ठिकाणी तो सरळ स्टुडिओ भाड्याने देण्याचा व्यवहार असतो. पण मग त्याकडे व्यवहार म्हणूनच बघा. त्यासाठी घरच्यांना सोनं गहाण ठेवायला लावू नका.

फॉर्म उघडण्याआधी चार प्रश्न विचारा. तिकीट कोण काढणार? राहण्याचे पैसे कोण देणार? जेवणाचा भत्ता आहे का? आणि पैसे आधी मिळणार की बिलं दाखवल्यावर? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. तिकिटाचे पैसे नंतर परत मिळणार असतील, तर आधी ते तुमच्या खिशातून जाणार. वेबसाइटवर उत्तर नसेल तर साधा ईमेल करा. चांगली संस्था याला नीट उत्तर देते.

पैसे मागण्यात कमीपणा नाही

काही जणांना वाटतं, पैसे मागितले तर आपली किंमत कमी होईल. मग हे ऐका. नागपुरात जन्मलेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ साली न्यूयॉर्कला गेले, ते जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या फंडाच्या फेलोशिपवर. तय्यब मेहता १९६८ मध्ये याच फंडाच्या मदतीने गेले. १९६३ मध्ये सुरू झालेला हा फंड आज एशियन कल्चरल कौन्सिल या नावाने ओळखला जातो, आणि अजूनही आशियातल्या कलाकारांना मदत करतो. कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला गेले, तेही फेलो म्हणूनच. मोठ्या कलाकारांच्या प्रवासामागेही कुणाचा तरी निधी होता.

आपल्याला उपयोगी पडणारी आणखी दोन नावं लिहून ठेवा. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमध्ये जाऊन काम किंवा अभ्यास करणाऱ्या भारतीयांना मदत करतो, त्यात कला हा मोठा भाग आहे. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन १९७६ पासून तरुण भारतीयांना मदत करतंय, आणि दृश्यकलेसाठी त्यांचा वेगळा पुरस्कार आहे. दोन्हीकडे वयाची अट असते, ती आधी बघा.

इथे एक गाठ लक्षात ठेवा. निधी देणारे बऱ्याचदा आधी रेसिडेन्सीचं निमंत्रणपत्र मागतात, आणि त्यांची शेवटची तारीख वेगळी असते. म्हणून दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. रेसिडेन्सीचं उत्तर जूनमध्ये येणार आणि निधीचा अर्ज मार्चमध्येच बंद होत असेल, तर त्या वर्षी तो निधी तुमच्या कामाचा नाही.

अर्जात काय लागतं

साधारण पाच गोष्टी. कामाचे फोटो, म्हणजे पोर्टफोलिओ. कलाकार म्हणून स्वतःबद्दल एक पान. तिथे काय करणार त्याचा प्रस्ताव. बायोडेटा. आणि एक-दोन जणांची शिफारसपत्रं.

फोटो मोबाइलवरही चांगले निघतात. सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, चित्रासमोर सरळ उभं राहून काढा. प्रत्येक फोटोखाली नाव, वर्ष, माध्यम आणि माप लिहा. चाळीस बरी चित्रं पाठवण्यापेक्षा दहा पक्की पाठवा.

प्रस्ताव आधी मराठीत लिहा. अहिराणीत सुचत असेल तर अहिराणीत लिहा. मग इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की ‘माझी कला मानवी भावनांचा शोध घेते’ अशी वाक्यं येतात, आणि ती कुणाच्याही अर्जात चालतील. त्याऐवजी समजा तुम्ही लिहिलंत, ‘आमच्या धुळ्यात यंत्रमागाच्या आवाजात मी वाढलो, त्या मागांवरच्या वाया गेलेल्या सुतापासून मी काम करतो, आणि तुमच्या शहरातल्या जुन्या कापड गिरणीच्या संग्रहात मला तीन महिने बसायचं आहे’. आता निवड समितीला कळलं की माणूस कोण आहे, आणि त्याला इथेच का यायचंय.

आणि ‘आपण लहान गावचे’ हे मनातून काढा. चाळीसगावच्या केकी मूस यांचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. ब्रिटनमध्ये कला शिकून आलेला हा माणूस पुढे जवळपास पन्नास वर्षं चाळीसगावच्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडला, आणि तिथूनच त्याच्या टेबलटॉप फोटोग्राफीने देशविदेशातली बक्षिसं मिळवली. गाव लहान असल्याने काम अडत नाही. अर्ज बहुतेक वेळा कागदांवर अडतो.

कागद आणि व्हिसा

पासपोर्ट आजच काढा, निवड होण्याची वाट बघू नका. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. तो आधी मिटवा.

युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहायचं असेल तर शॉर्ट-स्टे व्हिसा लागतो. त्याची फी मोठ्यांसाठी ९० युरो आहे, जून २०२४ पासून. शिवाय किमान ३०,००० युरोंचं कव्हर देणारा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे धुळ्याहून मुंबईची एक फेरी खर्चात धराच. मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर त्या देशाचा वेगळा, लांब मुदतीचा व्हिसा लागतो.

बँक स्टेटमेंट बघतात. मामाकडून दोन लाख उसने घेऊन अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात टाकले, तर ते लगेच दिसतं आणि शंका येते. फ्रीलान्स काम करत असाल तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरत चला. तोच तुमच्या कमाईचा कागद. आणि एटीएम कार्डावर परदेशातले व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी सुरू करा.

बजेटमध्ये घर विसरू नका. तीन महिने तुम्ही नसाल तर इथलं भाडं, हप्ता, आईच्या औषधांचे पैसे कोण भरणार? तो आकडा बजेटच्या कागदावर यायलाच हवा.

करार वाचा

हा भाग जरा जड आहे, पण सांगायला हवा. शेजारच्या मध्य प्रदेशातले मोठे गोंड चित्रकार जनगढ सिंग श्याम २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात राहून चित्रं काढत होते. तिथेच त्यांनी आत्महत्या केली. मुक्काम वाढला होता आणि त्यांना घरी परतायचं होतं, असं नंतर बातम्यांमधून आलं. नाव झालेला, पॅरिसला प्रदर्शन झालेला कलाकारही परक्या देशात किती एकटा पडू शकतो, हे त्यातून दिसतं.

म्हणून सही करण्याआधी बघा. किती दिवस राहायचं, हे लिहिलंय का? परतीचं तिकीट आहे का? केलेलं काम कुणाच्या मालकीचं? आजारी पडलो तर काय? मधेच परत यायचं असेल तर? आणि पासपोर्ट नेहमी तुमच्याच जवळ ठेवा. करार इंग्रजीत असेल तर ज्याला समजतो अशा माणसाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. त्यात लाज कसली? रोज घरी फोन करायची वेळही आधीच ठरवून घ्या.

पहिलीच उडी परदेशात मारायला हवी असंही नाही. दिल्लीचं खोज १९९७ पासून कलाकारांना एकत्र आणतंय. आपल्या देशातली एक रेसिडेन्सी झाली की बायोडेटात एक ओळ वाढते, शिफारस देणारा माणूस मिळतो, आणि घराबाहेर राहून काम जमतं का, हे स्वतःलाही कळतं. शोधायला रेस आर्टिस आणि ट्रान्स आर्टिस्ट्स या दोन वेबसाइट चांगल्या आहेत.

या आठवड्याचं काम एवढंच. एक कागद घ्या, दोन रकाने पाडा. डावीकडे सगळा खर्च, अगदी मुंबईच्या एसटीच्या तिकिटापासून. उजवीकडे तो कोण देणार त्याचं नाव. उजवीकडे जिथे रिकामी जागा राहील, तिथेच तुम्हाला निधी शोधायचाय. कागद भरला की मित्राला दाखवा, आणि हा भागही त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!