कूलरमध्ये पाणी भरण्याआधी

चैत्र सरला की आष्टीत ऊन भाजून काढते. पारा ४० च्या वर जातो. मग माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली येतो.

कूलरचे काम माठासारखेच. माठ पाझरतो, ते पाणी वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. कूलरचा पंखा बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढतो. पाणी वाळते, वारा गार होतो.

पण माठात वीज नसते. कूलरच्या पेटीत पाणी आणि २३० व्होल्टची वीज शेजारी शेजारी असतात. पंपाची वायर उंदीर कुरतडतो. उघडी तार पत्र्याला टेकली, की साऱ्या पेटीत वीज येते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पेटीला हात लावला, तर ती वीज अंगातून जमिनीत जाते. माणूस जागीच मरू शकतो.

म्हणून पाणी भरताना आधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. नुसत्या बटणावर भरवसा नको. ते चुकीच्या तारेवर बसवलेले असले, तर बंद करूनही आत वीज राहते.

प्लग तीन पिनांचाच हवा. त्यातली जाड पिन अर्थिंगची. पत्र्यात आलेली वीज त्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पुष्कळ जण दोनच तारा जोडतात. अहो, ती जाड पिन काय शोभेला ठेवली आहे? घराचे अर्थिंग ठीक आहे का, तेही वायरमनकडून तपासून घ्या.

कोणी चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा.