हॅरॉल्ड पडला ती जागा

गावाचे नावच ‘बॅटल’, म्हणजे लढाई! लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनावरून गाडीने सुमारे दीड तासात मी तेथे पोहोचलो. १४ ऑक्टोबर १०६६ ची लढाई हेस्टिंग्जच्या नावाने गाजली खरी. पण हेस्टिंग्ज येथून सहा मैल दूर. रणकंदन झाले ते याच टेकडीवर.

इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड माथ्यावर ढालीला ढाल भिडवून उभा होता. अवघ्या १९ दिवसांपूर्वी त्याने दूर उत्तरेस स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाला धूळ चारली होती. खालून चालून आला नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. दिवसभर ढालींची भिंत ढळेना. तेव्हा नॉर्मन स्वारांनी पळाल्याची हूल दिली, इंग्रज पाठलागाला खाली धावले आणि फसले. सायंकाळपर्यंत हॅरॉल्ड व त्याचे दोन भाऊ धारातीर्थी पडले होते.

विल्यम राजा झाला. परंतु रक्तपाताचा हिशेब सुटला नाही. १०७० साली पोपच्या प्रतिनिधींनी विजेत्यांना प्रायश्चित्त फर्मावले आणि राजाने रणभूमीवरच मठ उभारला. मठाची बखर सांगते, की माथ्यावर पाणी नाही म्हणून साधू कुरकुरले. राजा म्हणाला, इतर मठांत पाणी मिळत नसेल इतके द्राक्षासव तुम्हांला देतो. पण मुख्य वेदी हॅरॉल्ड पडला तेथेच हवी!

१०९४ साली मंदिराची प्रतिष्ठापना झाली. ती पाहायला विल्यम नव्हता. तो १०८७ सालीच वारला होता. पुढे १५३८ साली आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि मंदिर जमीनदोस्त झाले.

आज भव्य वेशीचा दरवाजा शाबूत आहे. साधूंच्या शयनगृहाच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर मात्र नाही. मंदिराच्या जागी नुसती हिरवळ, आणि तीत वेदीची खूण सांगणारी एक शिळा. ज्याने जिंकले त्याचे मंदिर गेले. जो हरला त्याची जागा तेवढी राहिली. पण ती राहिली ती विल्यमच्याच हट्टामुळे, हेही मला तेथे विसरता येईना.

वाचकहो, कधी गेलात तर आधी खालच्या कुरणात उतरा आणि मग शिळेकडे चढत या. चढावर लागणारी धाप त्या दिवसाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते!