मोटारीचें शीतक कसें निवडावें

गेल्या जूनमध्यें शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या तासास नववींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, बाबा गाडींत जें गुलाबी कूलंट घालतात, त्याच्या डब्यावर तें गोठत नाहीं असें छापलें आहे. पण दादरला बर्फ कुठें पडतो? मग साधें पाणी कां नको?"

प्रश्न मार्मिक होता. मुंबईंत सांताक्रूझ येथें १९६२ च्या जानेवारींत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, हीच तेथील नीचांकी नोंद. अर्थात् गोठण्याचें भय येथें नाहीं. तरीहि साध्या पाण्यानें कां भागत नाहीं, हें आम्हांस महिन्यापूर्वींच स्वखर्चानें शिकावें लागलें होतें.

मे महिन्याच्या सुट्टींत आम्ही सहकुटुंब पुण्यास निघालों. गाडी लहान, जपानी बनावटीची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. निघण्यापूर्वीं एका गॅरेजांत टाकीची पातळी कमी दिसली, म्हणून तेथील कारागिरानें गुलाबी द्रवावर हिरवा द्रव ओतला व वर नळाचें पाणी घातलें. "सगळें सारखेंच असतें," असें तो म्हणाला, व पदवीधर असूनहि आम्हीं तें मानलें! खोपोली सोडून बोरघाट चढूं लागलों तों उष्णतेचा कांटा लाल रेषेस टेकला. मागें वृद्ध मातोश्री व दोन मुलें. आम्ही हातरुमाल घेऊन रेडिएटरचें झांकण फिरविणार, इतक्यांत एका ट्रकचालकानें ओरडून सांगितलें, "अहो काका, हात लावूं नका, तोंड भाजेल!"

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्या झांकणाखालीं हवेच्या दाबाहून सुमारें दुप्पट दाब असतो, म्हणून आंतलें पाणी १०० अंशांस न उकळतां १२० च्या आसपास उकळतें. झांकण उघडतांच दाब जातो, सर्व पाणी एकदम उकळतें व कारंज्यासारखें उसळतें. इंजिन पुरतें निवेपर्यंत थांबणें हाच उपाय. पुढें लोणावळ्यास रेडिएटर उघडला तेव्हां आंत तपकिरी गाळ निघाला. इंजिनाचें गॅस्केट गेलें होतें. त्याचा खर्च येथें लिहीत नाहीं.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. इंधनाच्या उष्णतेपैकीं स्थूलमानानें एक तृतीयांश गतीच्या कामीं येते, तितकीच धुरावाटे जाते, व उरलेली बहुतेक शीतकास वाहून न्यावी लागते. या वाहतुकींत पाण्याची बरोबरी करणारा द्रव विरळा. एथिलीन ग्लायकॉल मिसळल्यानें ती शक्ति उलट कमीच होते. पण मिश्रणाचा उत्कलनबिंदु चढतो, व दादर टी. टी.ला गाडी उभी राहून केवळ पंख्याच्या वाऱ्यावर निवत असतां ही सवड उपयोगीं पडते. मात्र पाण्याचा खरा दोष निराळा आहे. इंजिनांत लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, क्वचित् तांबें असे भिन्न धातु एकाच ऊन पाण्यांत असतात. वर्गांत आपण जो विद्युत्-घट करतों तोच तेथें आपोआप होतो, व अ‍ॅल्युमिनियम झिजूं लागतें. म्हणून आमच्याकडे शीतकाची किंमत त्यांतील गंजरोधक द्रव्यांसाठीं द्यावयाची, गोठण्याच्या भयासाठीं नव्हे.

हीं द्रव्यें मुख्यतः तीन तऱ्हेचीं. जुन्या तऱ्हेंत सिलिकेट वगैरे क्षार सर्व धातूंवर लेप चढवितात, पण सुमारें दोन वर्षांत संपतात. पूर्वीं कुर्ल्यास बनत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, शिशाच्या डाकाचा. अशा जुन्या गाडीस हीच तऱ्हा मानवते. दुसरींत सेंद्रिय अम्लें असतात. तीं गंज धरूं पाहील तेथेंच काम करतात व पांच वर्षेंहि टिकतात. तिसरी तऱ्हा मिश्र. तींत जपानी व कोरियन कारखानदार बहुधा फॉस्फेट घेतात व सिलिकेट टाळतात. युरोपांतील पाणी जड असल्यानें तेथें फॉस्फेट टाळून सिलिकेट घेतात. भिन्न तऱ्हा एकत्र केल्या कीं एकीचें द्रव्य दुसरीचें काम बिघडवितें, कधीं गाळहि धरतो.

रंगावर मात्र विसंबूं नये. हिरवा, गुलाबी, निळा हा केवळ कारखानदाराचा रंग. त्यास सर्वमान्य नियम नाहीं. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी, तींत सांगितलेला प्रकार व प्रमाण पाहावें, आणि डब्यावर तोच प्रकार व भारतीय मानक ५७५९ किंवा जपानी के २२३४ असा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. आंत पूर्वीं काय भरलें तें ठाऊक नसेल तर सर्व काढून, धुऊन, नवें भरावें. तयार मिश्रण घेणें सोयीचें. त्यांत आणखी पाणी घालूं नये. अर्क घेतल्यास तो बॅटरीच्या दुकानांत मिळणाऱ्या क्षारविरहित पाण्यांत मिसळावा. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी मुळींच नको. समुद्रकाठच्या या भागांत तें बहुधा खारट, व फॉस्फेटशीं कॅल्शियम मिळालें कीं पापुद्रा धरतो. नुसता अर्कहि भरूं नये. तो उष्णता कमी वाहतो, आणि गंमत अशी कीं मिश्रणापेक्षां लवकर गोठतो! वाटेंत अडचण पडल्यास गाडी निवल्यावर साधें पाणी घालून मुक्काम गांठावा, व पोहोंचतांच तें बदलावें.

ग्लायकॉल चवीस गोड आहे व जहाल विष आहे. थोडें पोटांत गेलें तरी मूत्रपिंडें निकामी होतात. हें आम्ही वर्गांत सांगत असतां तोच विद्यार्थी एकाएकीं उभा राहिला. "सर, आमच्याकडे उरलेलें कूलंट सरबताच्या बाटलींत ओतून खिडकींत ठेवलें आहे. धाकटी बहीण चार वर्षांची आहे." आम्हीं त्यास तत्काळ कार्यालयांत नेऊन घरीं फोन करावयास लाविला. आईनें बाटली उचलून आणली तेव्हां तिचें बूच घट्टच होतें.