प्रतीचा परवाना आणि त्याची किंमत : एक अर्थविचार

गेल्या वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील एका पतसंस्थेचे व्यवस्थापक एक करारपत्र घेऊन माझ्याकडे आले. संस्थेच्या मुख्य कचेरीतील संगणकावर जी खाती आहेत, त्यांची एक प्रत दुसऱ्या शहरात अखंड तयार होत राहावी, यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा तो परवाना होता. व्यवस्थापकांचा प्रश्न साधा होता. दरपत्रकावरून संचालक मंडळाने जी रक्कम मंजूर केली होती, तिच्या जवळजवळ तिप्पट रकमेची मागणी विक्रेत्याकडून आली होती, हे कसे? उत्तर संगणकशास्त्रात सापडेल, अशी माझी प्रथम समजूत झाली. करार वाचून संपेपर्यंत ती टिकली नाही. हिशोबात चूक कोणाचीच नव्हती. चूक होती ती एका शब्दाचा व्यवहारातील अर्थ आणि करारातील अर्थ एकच आहेत असे मानण्यात.

प्रस्तुत लेखात या प्रकारच्या सॉफ्टवेअरची किंमत कशी ठरते, याचे विवेचन करावयाचे आहे. विषय भाषाविभागाच्या पत्रिकेला परका वाटेल. परंतु ही किंमत बव्हंशी संज्ञांच्या व्याख्यांवर अवलंबून असल्यामुळे तो अर्थविचाराच्या कक्षेत येतो, असे मला वाटते.

१. प्रत कशी होते

प्रथम मूळ क्रिया समजून घेतली पाहिजे. आपल्या पेढ्यांवर पूर्वी दोन प्रकारच्या वह्या असत. व्यवहार घडेल त्या क्रमाने तो रोजकीर्दीत लिहिला जाई, आणि मागाहून खातेवार खतावणीत चढवला जाई. संगणकावरील विदासंचातही, म्हणजे डेटाबेसमध्येही, अशीच दुहेरी रचना असते. खात्यांचे तक्ते ही खतावणी होय. आणि प्रत्येक बदल ज्या नोंदवहीत आधी उतरतो, ती रोजकीर्द होय.

दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवण्याची जी पद्धत आज प्रचलित आहे, तिच्यात सबंध खतावणी पुनःपुन्हा पाठवली जात नाही. रोजकीर्दीतील नव्या ओळी तेवढ्या पाठवल्या जातात, आणि तेथील संगणक त्यावरून आपली खतावणी भरीत जातो. मूळ संगणकाने दुसरीकडची पोच येईपर्यंत थांबावयाचे, की न थांबता पुढे जावयाचे, यावरून तिचे दोन प्रकार होतात. पहिल्यात एकही व्यवहार हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहारास विलंब होतो; दुसऱ्यात गती राहते, परंतु मूळ संगणक अकस्मात बंद पडल्यास शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी गमावण्याचा संभव असतो. या क्रियेस इंग्रजीत रेप्लिकेशन म्हणतात. येथे तिला प्रतिरूपण म्हटले आहे.

या व्यवस्थेची आवश्यकता सांगण्यास फार दूर जावयास नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ज्या संस्थेची एकमेव प्रत अशा दिवशी तळमजल्यावर असेल, तिच्या ठेवीदारांनी काय करावे? बुलढाण्यापुरते बोलावयाचे तर हा जिल्हा सहकारी पतव्यवहाराचा जिल्हा आहे. १९८६ साली येथे सुरू झालेल्या बुलडाणा अर्बन या पतसंस्थेच्या शाखा आज अनेक राज्यांत आहेत. गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांचे हिशोबही संगणकावर येत आहेत. देशातील ६३,००० अशा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. तात्पर्य, प्रत कोठे ठेवावयाची आणि तिला किती पैसे पडतील, हा प्रश्न आता तालुक्याच्या गावापर्यंत आला आहे.

२. ‘परवाना’ या शब्दाचे दोन अर्थ

परवाना हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. जुन्या दप्तरांत तो सत्तेच्या आज्ञापत्रासाठी येतो, आणि आजही त्याचा मुख्य अर्थ शासनाने दिलेली अनुज्ञा असाच आहे. या जिल्ह्यातील ठेवीदारांना तो अर्थ चांगलाच परिचित आहे. २०१२ साली बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, ते तिच्यापाशी बँकिंगचा परवाना नव्हता म्हणून. असा परवाना कायद्याने ठरतो. त्याच्या अटी सर्वांना सारख्या असतात.

सॉफ्टवेअरचा परवाना या जातीचा नव्हे. तो दोन खाजगी पक्षांमधील करार आहे. त्यातील संज्ञांचे अर्थ कोशावरून ठरत नाहीत, रूढीवरूनही ठरत नाहीत. करारातच त्यांच्या व्याख्या दिलेल्या असतात, आणि त्या बहुधा विक्रेत्यानेच लिहिलेल्या असतात. शब्द एकच असल्यामुळे सहकारी संस्थेचा संचालक दुसऱ्या प्रकारच्या परवान्याकडे पहिल्या प्रकारच्या विश्वासाने पाहतो. गोंधळाचे मूळ येथे आहे.

३. मोजण्याचे एकक

दरपत्रकात दर लिहिलेला असतो. परंतु दर कशाला, हे व्याख्येत असते. हे स्पष्ट होण्यासाठी एक सर्वश्रुत उदाहरण घेऊ. ते आरंभी सांगितलेल्या कराराचे नव्हे. प्रसिद्ध दरपत्रकावरून सर्वांना पडताळता येते, म्हणून ते निवडले आहे.

गोल्डनगेट हे प्रतिरूपणाचे एक जुने आणि नामांकित सॉफ्टवेअर. १९९५ साली स्थापन झालेली त्या नावाची कंपनी २००९ मध्ये ओरॅकलने विकत घेतली. ओरॅकलच्या प्रसिद्ध दरपत्रकात या सॉफ्टवेअरचा दर अनेक वर्षे एका ‘प्रोसेसर’ला १७,५०० डॉलर असा राहिला आहे, आणि त्यावर वार्षिक देखभाल शेकडा २२.

आता ‘प्रोसेसर’ म्हणजे काय? बाजारात या शब्दाने एक चीप समजली जाते. करारात तसे नाही. तेथे चीपमधील गणनकेंद्रे, म्हणजे कोअर, मोजून त्यांस एका गुणकाने गुणावयाचे असते. इंटेल व एएमडीच्या नेहमीच्या चीपांसाठी हा गुणक ०.५ आहे. म्हणजे आठ कोअरांची एकच चीप असलेला संगणक कराराच्या भाषेत चार प्रोसेसरांचा होतो.

दुसरा प्रश्न : कोणत्या संगणकाचे प्रोसेसर? ज्यावर हे सॉफ्टवेअर बसवले आहे त्याचे, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु मोजावयाचे असतात ते जेथून विदा घेतली जाते त्या विदासंचाचे आणि जेथे ती उतरवली जाते त्या विदासंचाचे, असे दोन्हीकडचे प्रोसेसर.

हिशोब मांडू. दोन्हीकडे आठ कोअरांचा एकेक संगणक आहे आणि डॉलरचा भाव ८५ रुपये आहे, असे धरू. एका बाजूचे चार परवाने ७०,००० डॉलरांचे, म्हणजे ५९ लाख ५० हजार रुपयांचे. दोन्ही बाजूंचे १ कोटी १९ लाख. पहिल्या वर्षाची देखभाल २६ लाख १८ हजार. या बेरजेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, म्हणजे एकूण रक्कम १ कोटी ७१ लाखांच्या वर जाते. ज्याने केवळ एकच बाजू मोजली, त्याच्या अंदाजाच्या ही जवळजवळ तिप्पट होते. शिवाय देखभाल दरवर्षी द्यावयाची असल्यामुळे पाच वर्षांत देखभालीचीच रक्कम मूळ किमतीच्या शेकडा ११० होते. यात विदासंचाच्या सॉफ्टवेअरचा स्वतंत्र परवाना धरलेला नाही. दरपत्रकावरील दरात वाटाघाटीने सूट मिळते, हे खरे. परंतु सूट दरावर मिळते, व्याख्येवर क्वचितच मिळते.

४. आभासी संगणक आणि राखीव प्रत

हल्ली एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी संगणक चालवण्याचा प्रघात आहे. समजा, प्रत्येकी ३२ कोअरांची तीन यंत्रे एकत्र जोडली असून त्यांतील फक्त आठ कोअर आपल्या विदासंचाला दिले आहेत. मोजावयाचे किती? संस्था म्हणेल आठ. ओरॅकलच्या विभाजनविषयक धोरणपत्रात मात्र, केवळ सॉफ्टवेअरने केलेली अशी विभागणी परवान्यांची संख्या कमी करण्यास ग्राह्य धरलेली नाही. ९६ कोअर मोजले तर चाराऐवजी ४८ परवाने होतात, आणि एका बाजूचीच किंमत ७०,००० डॉलरांवरून ८ लाख ४० हजार डॉलरांवर जाते. गंमत अशी की, हे धोरणपत्र केवळ माहितीसाठी असून कराराचा भाग नाही, असे त्यातच नमूद आहे. जो मजकूर कराराचा भाग नाही, त्याच्या आधाराने करारातील शब्दाचा अर्थ लावावा काय, हा वाद अर्थातच जुना आहे. मीमांसकांना तो अपरिचित वाटला नसता.

‘राखीव’ या शब्दाचीही तीच स्थिती. मूळ संगणक बंद पडल्यावरच जो कामी यावयाचा, त्याला परवाना कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. ओरॅकलच्या नियमात सामायिक साठ्यावर जोडलेला राखीव संगणक वर्षातून एकूण दहा दिवसांपर्यंत विनापरवाना वापरता येतो. परंतु दुसऱ्या शहरात प्रतिरूपणाने चालू ठेवलेली प्रत या सवलतीत येत नाही, तिला पूर्ण परवाना लागतो. उलट मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये देखभालीचा करार चालू असल्यास निष्क्रिय राखीव प्रतीला काही अटींवर वेगळा परवाना लागत नाही. परंतु त्या प्रतीवरून व्यवस्थापकांनी रोजचा एखादा अहवाल काढावयास सुरुवात केली, की ती निष्क्रिय राहत नाही.

काही नव्या सेवा यंत्रे मोजीत नाहीत, ओळी मोजतात. फाइव्हट्रान या सेवेत महिन्याभरात बदललेल्या निरनिराळ्या ओळी मोजण्याची पद्धत रूढ झाली; एकच ओळ तीस वेळा बदलली तरी ती एकदाच धरावयाची. ज्या संस्थेत मोजक्या खात्यांवरच उलाढाल होते, तिला हे सोयीचे. परंतु व्याज जमा करण्याच्या महिन्यात पतसंस्थेच्या प्रत्येक खात्याची ओळ बदलते. तेव्हा सरासरी महिन्यावरून खर्चाचा अंदाज करणे धोक्याचे होय.

५. मुक्त आणि फुकट

यावर कोणी म्हणेल, मुक्त सॉफ्टवेअर असताना हा खटाटोप कशासाठी? शंका रास्त आहे. पोस्टग्रेस या विदासंचात २०१० सालच्या ९.० आवृत्तीपासून प्रतिरूपणाची सोय अंगभूत आहे. निवडक तक्त्यांचे प्रतिरूपण २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आले. त्यासाठी परवान्याचा एक रुपयाही पडत नाही, आणि कोअर मोजावे लागत नाहीत. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

परंतु ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे पर्याय नव्हेत. मध्यरात्री प्रत मागे पडली तर ती कोण सावरणार, याचे उत्तर परवान्यात नसते. त्या कामाचा जाणकार माणूस संस्थेत असावा लागतो, अथवा त्याची सेवा विकत घ्यावी लागते. भेद इतकाच की, हा खर्च माणसाच्या कौशल्यावर होतो आणि त्याची मोजणी संस्थेला स्वतःच्या भाषेत करता येते.

६. कायद्याची बाजू

भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा कार्यक्रम ‘वाङ्मयीन कृती’ या संज्ञेत अंतर्भूत झाला. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि प्रतिरूपणाचे सॉफ्टवेअर एका वर्गात बसतात. कलम ५२ नुसार कार्यक्रमाच्या कायदेशीर धारकास नाश वा हानी यांपासून संरक्षण म्हणून त्याची प्रत करून ठेवता येते. मात्र ही मुभा तात्पुरत्या संरक्षणासाठी असते. दुसऱ्या संगणकावर तो कार्यक्रम अखंड चालवण्याचा अधिकार तिच्यातून निघतो असे मानून चालणे सुरक्षित नाही. तसेच खात्यांतील विदा संस्थेच्याच ताब्यातील असते. पैसे पडतात ते तिची प्रत करणाऱ्या साधनाचे. हा भेद संचालकांना सांगितला, की अर्धा गोंधळ ओसरतो, असा माझा अनुभव आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, या व्यवहारात दर हा गौण असून एककाची व्याख्या प्रधान आहे. म्हणून सहीपूर्वी संस्थेने पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत : मोजण्याचे एकक कोणते, ते एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे, आभासी संगणकात मोजणी कशी होईल, राखीव प्रत केव्हा चालू मानली जाईल, आणि देखभाल बंद केल्यास सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क राहील की जाईल. ही उत्तरे करारातील कोणत्या कलमात आहेत, हेही विचारावे; तोंडी आश्वासनाला व्याख्येपुढे किंमत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक कार्य आहे. परिभाषाकोशांत ‘लायसन्स’ला ‘परवाना’ हा प्रतिशब्द मिळतो, आणि कोशाचे काम तेथे संपते. या करारांतील निदान पन्नास संज्ञांचा व्यवहारातील अर्थ, करारातील अर्थ आणि दोहोंतील अंतर दाखवणारी सूची मराठीत झाली पाहिजे. आरंभी उल्लेखिलेल्या पतसंस्थेने तो करार सहीविना परत पाठवला, आणि एकक व राखीव प्रत यांविषयी दोन कलमे लेखी बदलून घेतल्यावरच पुढचा व्यवहार केला. बदललेला मजकूर सहा ओळींचा होता. त्या सहा ओळींनी वाचलेली रक्कम ठेवीदारांची होती.