जुन्या नोंदीची दुरुस्ती : एक पाठचिकित्सक विचार

जुन्या पोथीच्या अखेरीस बहुधा पुष्पिका असते. नक्कल कोणी, केव्हा व कोठे केली, हे तीत सांगितलेले असते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संग्रहात बसून ज्याने काम केले आहे, त्यास या दोन-चार ओळींचे मोल निराळे सांगावयास नको. आज बोलींचे शब्दसंग्रह संगणकावर तयार होतात आणि त्यांच्या आवृत्त्या ‘गिट’सारख्या प्रणालीत राखता येतात. तेथे प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ‘कमिट’, करताना एक लहानसा संदेश लिहावा लागतो. हा संदेश म्हणजे त्या बदलाची पुष्पिकाच होय. ती चुकली तर मागाहून दुरुस्त करावी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अहिराणीतील ‘शे’ (आहे) हे क्रियारूप साक्री तालुक्यात टिपले. परंतु संदेशात अनवधानाने ‘रावेर’ असे लिहिले गेले. चूक एका शब्दाची आहे. तथापि रावेर हा लेवा गणबोलीचा प्रदेश असल्याने, त्या संदेशावर विसंबून कोणी बोलीनकाशा काढल्यास अहिराणीची सीमा भलतीकडेच सरकेल. दुरुस्ती अवश्य केली पाहिजे. प्रश्न तिच्या रीतीचा आहे.

गिट ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली. तीत प्रत्येक नोंदीस एक ओळखचिन्ह मिळते. रूढ पद्धतीत ते ४० अक्षरांकांचे असते. ते मनास येईल तसे दिलेले नसून नोंदीच्या आशयावरून गणिताने काढलेले असते. या आशयात सामग्रीची स्थिती, कर्त्याचे नाव, दिनांक व संदेश तर येतातच. शिवाय आधीच्या नोंदीचे ओळखचिन्हही येते. म्हणून जुन्या संदेशातील ‘रावेर’ पुसून ‘साक्री’ लिहिले की त्या नोंदीचे चिन्ह बदलते, त्यामुळे पुढच्या नोंदीचे बदलते, आणि अशा रीतीने थेट अखेरच्या नोंदीपर्यंत सर्व साखळी नवी होते. जुनी नोंद वस्तुतः सुधारली जात नाही. तिच्या जागी दुसरी येते.

यावरून पहिला नियम निघतो. नोंद आपल्याच संगणकावर असेल, तर दुरुस्ती निःशंकपणे करावी. अखेरच्या नोंदीसाठी ‘अमेंड’ ही आज्ञा आहे. त्यामागच्या नोंदींसाठी ‘रीबेस’च्या यादीत त्या नोंदीपुढे ‘रीवर्ड’ असे लिहावे लागते. दोहोंतही मूळ कर्त्याचे नाव व दिनांक कायम राहतात. नोंद करणाराचा दिनांक मात्र नवा पडतो. ग्रंथकार आणि लेखनिक यांतील भेद येथेही पाळलेला आहे. टाकून दिलेली जुनी नोंद त्याच संगणकावर सामान्यतः ३० दिवसांपर्यंत शोधून काढता येते.

नोंद एकदा इतरांच्या हाती गेली म्हणजे स्थिती पालटते. धुळ्याच्या अभ्यासकाने संदेश बदलून नवी साखळी सक्तीने सामायिक संग्रहात घातली, तरी जळगावच्या सहकाऱ्याजवळ जुनीच साखळी राहते. त्याने दोन्ही एकत्र केल्या की एकच काम दोनदा नोंदलेले दिसते आणि ‘रावेर’ पुन्हा अवतरते. एखाद्या प्रबंधात जुने ओळखचिन्ह उद्धृत झाले असल्यास वाचकास ते नव्या साखळीत सापडणार नाही.

अशा वेळी ‘नोट्स’ची सोय उपयोगी पडते. मूळ नोंदीस धक्का न लावता तिला टिपण जोडता येते व ते संदेशाखाली दिसते. मात्र ही टिपणे आपोआप इतरांकडे जात नाहीत. ती निराळी पाठवावी लागतात. ते गैरसोयीचे वाटल्यास नवी नोंद करून तीत चुकीचा स्पष्ट उल्लेख करावा. तलाठ्याच्या दप्तरात चुकीचा फेरफार खोडून टाकीत नाहीत, नव्या क्रमांकाचा फेरफार घालतात. त्यातलाच हा प्रकार.

आपल्या वाङ्मयात या प्रश्नाचा मोठा दाखला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तसे अखेरीच्या ओव्यांत सांगितले. हा प्रामाणिकपणा थोर होय. परंतु कोणता पाठ कोठे बदलला याची यादी त्यांत नाही. म्हणून एकनाथपूर्व प्रतीचा शोध पुढील संशोधकांस घ्यावा लागला. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली ज्ञानेश्वरी अशाच मानलेल्या प्रतीवरून सिद्ध झाली, आणि ती प्रत खरोखर किती जुनी, याविषयी वाद झाले.

दुरुस्ती करणारा चूक नाहीशी करतो, तेव्हा त्या चुकीचा पुरावाही नाहीसा होतो. बोलीच्या अभ्यासकास तो पुरावा पुढेमागे लागतो. म्हणून जे अद्याप आपल्यापाशीच आहे ते हवे तितके घासूनपुसून घ्यावे. जे इतरांस दिले, त्याची दुरुस्ती मात्र त्याच्या शेजारी, उघडपणे लिहावी.