पाहणाऱ्याचे कर्तव्य

मुंबईतील मलबार हिलचे कमला नेहरू उद्यान असो की पुण्यातील सारसबाग, संध्याकाळच्या वेळी तेथे लहान मुलांना घेऊन आलेल्या अनेक आया दिसतात. त्यांतील बहुसंख्य मुलांना मायेने जपतात. मात्र एखादे वेळी निराळे दृश्य दृष्टीस पडते. रडणाऱ्या मुलाचा दंड धरून त्याला हिसडले जाते, गुपचूप चिमटा काढला जातो, हट्ट केला म्हणून पाण्याची बाटली हिरावून घेतली जाते. आजूबाजूचे लोक क्षणभर पाहतात आणि परक्या घरचा प्रश्न म्हणून मान वळवतात.

श्रावकाला अशी मान वळवता येईल काय?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाला बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, त्याच्या अवयवांना इजा करणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, हे ते पाच दोष होत. व्याख्यानात हे विवेचन ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर बैल किंवा घोडा येतो. बाबागाडीच्या पट्ट्यात तासन् तास जखडलेले, तहानेने रडणारे मूलही तितकेच पराधीन असते. दोन वर्षांच्या बालकाला तर घरी जाऊन तक्रारही सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलू शकतो तो पाहणाराच.

कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारे हिंसा घडते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गप्प राहणे म्हणजे अनुमोदन नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु चारचौघांदेखत कोणी हटकत नाही, याचा मारणाऱ्या हाताला आधारच होतो.

हटकतानाही विवेक हवा. रस्त्याकडे धावणाऱ्या मुलाला घट्ट धरणे ही क्रूरता नव्हे. प्रथम मुलाजवळ जावे, शांत स्वरात बाईंशी बोलावे, 'बाळ फार रडते आहे, काही मदत करू का?' असे विचारावे. तेवढ्यानेही पुष्कळदा राग ओसरतो. आई-वडील ओळखीचे असतील तर पाहिले तेवढेच त्यांना एकांतात सांगावे. तिखटमीठ लावू नये, सोसायटीभर चर्चा करू नये. चित्रफीत काढून सर्वत्र पसरवल्याने मुलाचीच अप्रतिष्ठा होते. मारहाण गंभीर असेल तर १०९८ या क्रमांकावर चाइल्ड हेल्पलाइनला कळवावे; ही विनामूल्य सेवा अहोरात्र चालते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा ३ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे.

हेच पाच अतिचार मालकाच्या घरालाही लागू पडतात. पहाटे उठलेली बाई रात्री मूल झोपेपर्यंत उभी असेल, तिला जेवायला दुपारचे तीन वाजत असतील, महिनोन् महिने रजा मिळत नसेल, तर अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध आपल्याच छताखाली घडत आहेत. थकव्याने मारहाणीचे समर्थन होत नाही. पण थकलेल्या हाती मूल सोपवणाऱ्याचीही जबाबदारी टळत नाही. तिची वेळेवरची विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि घरातल्यांसारखेच ताट, ही आपल्या मुलाच्या सुरक्षिततेचीच तरतूद होय.

पेढीवर दिवसाचा रोजमेळ जुळल्याशिवाय आपण गादीवरून उठत नाही. रोकड मुनिमावर सोपवली तरी सायंकाळी हिशोब पाहतोच. मूल तर रोकडीहून मोलाचे. घरी आल्यावर पंधरा मिनिटे त्याला मांडीवर घ्यावे, दिवस कसा गेला ते विचारावे, अंगावरचे वळ पाहावेत, विशिष्ट व्यक्ती जवळ येताच ते दचकते का, हे न्याहाळावे. बाईंचीही विचारपूस करावी. आणि बागेत परके मूल रडताना दिसले, तर त्याचे आई-वडील तेथे नाहीत एवढे ध्यानात ठेवून दोन पावले त्याच्याकडे चालावे.